खळाळत्या पाण्यातील पहिली फेरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात आम्ही नवशिक्यांसाठी आयोजित होणाऱ्या, हवा भरायच्या कयाकमधील नदीसहलींची थोडक्यात माहिती दिली होती. एकट्याने किंवा दोघांनी बसायची ही नाव मजबूत रबरी कापडाच्या नळ्यांची असते, ती चालवण्यासाठी दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे लागते आणि गटाच्या पुढे व मागे अनुभवी मार्गदर्शक आपापल्या कयाकमध्ये असतात, इतकेच त्या माहितीत होते. त्यावर विदर्भातील अनेक गावांतून पत्रे आली. ज्या पत्रांतील प्रश्न थेट जिवाशी निगडित आहेत त्यांना येथे अधिक जागा दिली आहे.

आम्ही सहा शिक्षक-शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीत अशा सहलीला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्यापैकी तिघांना पोहता येत नाही. आयोजकांचे म्हणणे असे की लाइफ जॅकेट असल्यामुळे पोहता येण्याची गरजच नाही. यावर विश्वास ठेवावा का?
— एक शिक्षिका, ता. लाखांदूर, जि. भंडारा

आयोजकांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेतल्याशिवाय आपण पैसे भरू नयेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, परंतु वाहत्या पाण्यात तरंगणे आणि काठाला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय जेथे पाणी फेसाळून पांढरे होते तेथे त्यात हवा मिसळलेली असल्यामुळे त्याची उचलून धरण्याची शक्ती कमी होते आणि जॅकेट असूनही डोके क्षणभर पाण्याखाली जाते. पोहणारा माणूस अशा वेळी श्वास धरून वर येण्याची वाट पाहतो, तर पाण्याची सवय नसलेला माणूस तोंड उघडून ओरडू पाहतो, आणि धोका तेथूनच सुरू होतो.

अशा सहलीत पाण्यात पडणे हा अपघात मानला जात नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. नवशिक्यांना ही कयाक देतात त्यामागचे एक मुख्य कारण हेच आहे. प्लॅस्टिकच्या बंद कयाकमध्ये कमरेपासून खालचे शरीर नावेच्या आत असते आणि नाव उलटली तर डोके पाण्याखाली असतानाच बाहेर निघण्याची किंवा नाव पुन्हा सरळ करण्याची युक्ती शिकावी लागते. हवेच्या कयाकमध्ये आपण वर बसलेले असतो, त्यामुळे नाव उलटली की आपोआप मोकळे होतो. तिचा तळ हवेने फुगवलेला असून तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच राहतो आणि त्याच्या कडेला भोके असतात, म्हणून लाटेसरशी आत आलेले पाणी आपसूक बाहेर जाते. नावेत पाणी शिरले म्हणून घाबरून उभे राहू नये, वल्हे मारीत राहावे. वल्हे पाण्यात असेपर्यंत नावेला आधार असतो, आणि भीतीने ते वर उचलून धरले की नाव डळमळते.

पडल्यावर काय करायचे याचा सराव शांत पाण्यात झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. पाठीवर उताणे पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि बोटे पाण्याबाहेर दिसतील इतके ते वर उचलावेत, म्हणजे समोर येणाऱ्या खडकाला तळपाय लागतात, डोके लागत नाही. वाहत्या पाण्यात, ते गुडघाभर असले तरी, उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला तर मागून येणारा रेटा माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो, आणि अशा वेळी जॅकेटचा काहीही उपयोग होत नाही. उथळ, शांत पाण्यात पोहोचल्यावरच उठावे. नाव सहज हाताशी असेल तर धरावी, मात्र आपण नेहमी नावेच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येते त्या बाजूला, असावे, कारण नाव आणि खडक यांच्यामध्ये सापडलेला माणूस चेपला जातो. मार्गदर्शकाने फेकलेली दोरी हाती आली तर ती छातीशी घट्ट धरावी, पण मनगटाला कधीही गुंडाळू नये.

आता आपल्या तिघा सहकाऱ्यांविषयी. त्यांनी पहिल्याच खेपेला एकट्याच्या कयाकमध्ये बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी राफ्टमधून, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या हवेच्या मोठ्या नावेतून जावे, कारण तेथे मार्गदर्शक त्याच नावेत असतो, किंवा दोघांच्या कयाकमध्ये मार्गदर्शकाबरोबर बसण्याची सोय आहे का ते विचारावे. दिवाळीपर्यंत वेळ असेल तर त्यांनी जवळच्या शहरातील तरणतलावात प्रशिक्षकासमोर तीन गोष्टी साधाव्यात: तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे, उताणे तरंगणे, आणि जॅकेट घालून पाय मारीत तलावाची एक रुंदी पार करणे. एवढे जमले की त्यांची भीती बरीचशी आटोक्यात येईल आणि सहलीचा आनंदही त्यांना घेता येईल.

आम्ही महाविद्यालयातील पाच मित्र आहोत. ऑनलाइन दोन हवेच्या नावा मागवून येत्या श्रावणात मेळघाटातील सिपना नदीत उतरण्याचा आमचा विचार आहे. नदी लहानपणापासून पाहिलेली आहे. कोणती काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थी, परतवाडा, जि. अमरावती

हा बेत रद्द करावा, एवढीच काळजी मी आपणास सुचवू शकेन, आणि हे केवळ अडवण्यासाठी म्हणत नसल्यामुळे कारणे सविस्तर देत आहे.

नदी काठावरून पाहणे आणि पाण्याच्या पातळीवरून पाहणे यांत फार अंतर आहे. नावेतून पुढचा उतार दिसत नाही, दिसते ती फक्त एक आडवी रेघ, जिच्यापुढे पाणी नाहीसे झाल्यासारखे वाटते. अशी रेघ दिसली की अनुभवी माणूस काठाला लागतो, उतरून पुढे चालत जातो, पाहतो आणि मग ठरवतो. तुमच्या गटात हे ठरवू शकणारा कोणीही नाही. सिपनेसारख्या डोंगरी नदीत श्रावणातले पाणी काही तासांत चढते आणि उतरते. वरच्या अंगाला पाऊस पडलेला खालच्या माणसाला दिसत नाही, आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सकाळी ज्या खडकामागे थांबता आले असते, तो दुपारी पाण्याखाली गेलेला असतो.

त्याहून मोठा धोका झाडांचा. पुरात उन्मळून पडलेली झाडे, काठावरची पाण्यात लोंबणारी झुडपे, नाल्याला आडवी आलेली शेताच्या कुंपणाची तार, मासेमारीची जाळी यांतून पाणी निघून जाते, पण माणूस निघून जाऊ शकत नाही. प्रवाह त्याला फांद्यांवर दाबून धरतो. उताणे पडून पाय पुढे करण्याचा जो नियम वर सांगितला आहे त्याला येथे अपवाद आहे. अशा अडथळ्याकडे वाहत जात असल्यास पालथे होऊन, डोके पुढे ठेवून, जोराने पोहत जाऊन अंग फांदीच्या वर चढवावे लागते. हे सांगायला सोपे आहे, परंतु सराव नसलेल्याला त्या काही सेकंदांत ते सुचत नाही. मार्गदर्शकांबरोबरच्या चांगल्या सहलीत तो भाग पावसाळ्यानंतर आधी पाहिलेला असतो आणि नवे झाड आडवे आले असेल तर त्या टप्प्यावर नावा उचलून काठाने नेतात.

बंधाऱ्यांविषयी सर्वच वाचकांसाठी लिहितो. आपल्याकडे नदी-नाल्यांवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत, रपटे म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल आहेत. भरून वाहणारा बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो, कारण पाण्याची एक गुळगुळीत, सरळ चादर खाली पडताना दिसते. मात्र पडणारे पाणी तळाला जाऊन पुढे निघते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलट बंधाऱ्याकडे ओढले जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस किंवा नाव पुन्हापुन्हा भिंतीकडे खेचली जाते. नैसर्गिक रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खडकाळ, खळाळत्या उतारात, कोठेतरी खडकाची खाच असते आणि तेथून बाहेर पडता येते. बंधारा नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखाच असल्यामुळे बाजूने निसटायला वाट उरत नाही. पट्टीचे पोहणारेही यात बुडतात. चालू बंधाऱ्यावरून नाव घालणे ही गंमत नाही, आणि रपट्यावरून पाणी जात असताना तो ओलांडणे हेही तितकेच घातक आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक नावा तरणतलावासाठी केलेल्या असतात. त्यांचे प्लॅस्टिक पातळ असते, हवेचे कप्पे एक-दोनच असतात आणि तळातून पाणी निघून जाण्याची सोय नसते. नदीसाठीच्या कयाकमध्ये दोन्ही बाजूच्या नळ्या आणि तळ यांचे कप्पे स्वतंत्र असतात, जेणेकरून एक फाटला तरी नाव तरंगत राहावी. याखेरीज मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या संरक्षित क्षेत्रात वनविभागाच्या परवानगीशिवाय नदीत उतरता येत नाही, आणि त्या दऱ्यांमध्ये मोबाइलला बहुधा रेंज नसल्यामुळे मदत मागवणेही शक्य होत नाही.

तुमचा उत्साह मला मोलाचा वाटतो. तो टिकवायचा असेल तर त्याच पैशांत पाचही जणांनी प्रशिक्षण देणाऱ्या गटाबरोबर एक फेरी करावी. पाणी कसे वाचायचे ते तेथे कळू लागते. प्रवाहाच्या दिशेने टोक असलेला गुळगुळीत पाण्याचा त्रिकोण दिसला तर ती बहुधा मोकळी वाट असते, आणि टोक आपल्या दिशेला असेल तर तेथे खाली दगड असतो. खडकामागे शांत पाण्याचा जो पट्टा तयार होतो, ज्याला मार्गदर्शक ‘एडी’ म्हणतात, तेथे नाव वळवून थांबता येते. लाटेला नाव सरळ भिडवावी, आडवी नव्हे. आणि नाव खडकाला आडवी लागलीच तर स्वाभाविक इच्छेच्या उलट, खडकाकडे झुकावे. दूर झुकले तर प्रवाह जिकडून येतो त्या बाजूची नळी पाण्याखाली जाते आणि नाव उलटते. या गोष्टी वाचून नव्हे, कोणीतरी मागून ओरडून सांगितल्यावर अंगवळणी पडतात.

माझे वय ५२ आहे. आमच्या बचत गटातील काही जणींना मुलींबरोबर ही सहल करायची आहे. आम्ही साडी नेसतो. कोणते कपडे घालावेत, आणि या वयात हे झेपेल का? आमच्यातील एकीला सिकलसेल आहे.
— एक वाचक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

ताई, वयाची अडचण नाही. जिना चढता-उतरता येतो, जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येते आणि खांदे दुखत नाहीत, तर सोप्या पाण्यात आपण जरूर जावे. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास मात्र जाऊ नये.

साडी, ओढणी, सैल कुर्ता हे सर्व टाळावे लागेल, कारण लांब कापड पायांत, वल्ह्यात किंवा फांदीत अडकते. अंगाला बसणारी, लवकर वाळणाऱ्या कापडाची पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा, आणि सुती कपडे नकोत, कारण ते पाणी धरून ठेवतात आणि अंग गार पाडतात. पायांत चपला नकोत, मागे बंद असलेले आणि पाण्यात निघून न येणारे बूट हवेत. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, जोडवी घरीच ठेवावीत. अंगठी दोरीत अडकल्यास बोटाला गंभीर इजा होते. चश्मा असल्यास त्याला मागून दोरी बांधावी. जॅकेटचे सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्या व्यक्तीला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकत असेल तर ते सैल आहे किंवा मोठे आहे, आणि ते बदलून मागण्यात संकोच करू नये.

आपल्या मैत्रिणीविषयी आपण विचारले हे फार चांगले केले, कारण पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे आणि सहलीच्या अर्जात त्याचा रकानाच नसतो. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि थंड पाण्यातील कयाकिंगमध्ये ही तिन्ही कारणे एकत्र येतात. हिमालयातील नद्यांचे पाणी बर्फाचे असते, म्हणून तेथे त्यांनी उतरू नये असे मला वाटते. कोमट हवामानातील नदीवरही त्यांनी आपल्या डॉक्टरांचा स्पष्ट होकार घेतल्यावरच जावे. ज्या केवळ वाहक आहेत त्यांना सहसा त्रास होत नाही, परंतु त्यांनीही भरपूर पाणी प्यावे आणि धाप लागेपर्यंत वल्हे मारू नये. काठावर थांबणाऱ्या व्यक्तीवरही महत्त्वाचे काम सोपवता येते: कोरडे कपडे, औषधे आणि सर्वांचे संपर्क क्रमांक तिच्याकडे असावेत.

मी ढिवर समाजाचा आहे. वैनगंगेत डोंगा चालवतो, मासेमारी करतो. आमच्या भागात असा व्यवसाय सुरू करता येईल का?
— एक तरुण वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

आपल्यासारख्या वाचकाचे पत्र आले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण डोह कोठे खोल आहे, वाळू कोठे खचते, वारा सुटल्यावर पाणी कसे वागते हे ज्ञान कोणत्याही शिबिरात मिळत नाही. अरुंद डोंग्यात तोल सांभाळणाऱ्या माणसाला रुंद, हवेची कयाक अगदी सोपी वाटेल.

तरीही वैनगंगेवर खळाळत्या पाण्याचा व्यवसाय उभा राहील असे मला वाटत नाही. वर्षातील बहुतेक महिने ती रेतीच्या पात्रातून संथ वाहते, आणि पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाची ३३ दारे उघडू लागली की आपल्या भागात तिच्यात कोणीही उतरू नये अशी ती होते. नवशिक्यांना लागते ते या दोहोंच्या मधले पाणी: सहा श्रेणींच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीचे, ज्यात लाटा लहान, वाटा मोकळ्या आणि प्रत्येक उतारानंतर थांबायला शांत जागा असते. तिसऱ्या श्रेणीपासून नाव नेमकी हवी तेथे वळवता यावी लागते.

आपल्या परिसरात खरी संधी आहे ती शांत पाण्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव आहेत, त्यांतील पक्षी, कमळे, पाणवेली पाहण्यासाठी सकाळी दोन तास कयाक फिरवणे हे पर्यटकांना नक्की आवडेल. यासाठी तलावावर हक्क असलेल्या मत्स्य सहकारी संस्थेशी आणि ग्रामपंचायतीशी लेखी करार करावा. तलाव वनक्षेत्रात असेल तर वनविभागाची परवानगी घ्यावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून पाण्यावरील उपक्रमही त्यात येतात आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची असते. जीवरक्षणाचे आणि नौकाचालनाचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. आपण आधी ते घ्यावे आणि नावा नंतर खरेदी कराव्यात. पाण्यावर वावरण्याचा आपला अनुभव मोठा असला तरी घाबरलेल्या अनोळखी माणसाला पाण्यातून काढणे हे वेगळे काम आहे, आणि ग्राहकाने पैसे देताना तेच आपल्याकडून अपेक्षिलेले असते.

एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडच्या उन्हात फुगवलेली कयाक काठावर ठेवून जाऊ नये. आतील हवा तापून प्रसरण पावते आणि शिवणी उसवतात. काठावर थोडी हवा कमी ठेवावी, नाव पाण्यात टाकल्यावर ती थंड होऊन मऊ पडते, तेव्हा पुन्हा भरून घ्यावी.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर विहिरीत उत्तम पोहतो. त्याला नेता येईल का?
— एक पालक, ता. उमरखेड, जि. यवतमाळ

खळाळत्या पाण्यात नाही. सामान्यतः १४ वर्षांखालील मुलांना तेथे घेत नाहीत आणि हा नियम योग्य आहे, कारण मोठ्यांचे जॅकेट आणि हेल्मेट लहान अंगावर बसत नाहीत. ट्यूब हातातून सुटल्यावर तो किती वेळ तरंगतो, हे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आधी पाहावे. तलावावर आपल्याबरोबर दोघांच्या कयाकमध्ये तो आनंदाने बसू शकेल.

आम्ही सोयाबीन आणि कापूस घेणारे शेतकरी आहोत. कोठे आणि केव्हा जावे? आयोजकाला काय विचारावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका नदी आपणास सोयीची. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर तेथील सुमारे १२ ते १४ किलोमीटरचा टप्पा चालतो, म्हणून पावसाळ्याबाहेरही तेथे प्रवाह मिळतो. राफ्टिंगचा पूर्ण टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. त्यामुळे कयाकमध्ये बसणाऱ्या नवशिक्यांना त्यातील कोणता भाग देणार, हे आयोजकाकडून नेमके जाणून घ्यावे. ऋषिकेशजवळ गंगेवर कयाक शिकवणारी अनेक दिवसांची शिबिरे भरतात, तेथे पावसाळ्यात नदीवरील उपक्रम बंद असतात आणि पाणी थंड असल्यामुळे वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख लागतो. सोयाबीन निघाल्यावर लगेच कापसाची वेचणी सुरू होत असल्याने आपल्यासाठी फेब्रुवारी-मार्च हा काळ योग्य वाटतो, आणि त्या वेळी दोन्ही ठिकाणी जाता येते.

आयोजकाला किंमत विचारण्याआधी हे विचारावे: किती नवशिक्यांमागे एक मार्गदर्शक आहे, सर्वांत शेवटी कोण असतो, पडलेल्याला फेकायच्या दोरीची पिशवी आणि प्रथमोपचार पेटी कोणाजवळ असते, निघण्यापूर्वी शांत पाण्यात किती वेळ सराव घेतात, आणि पाणी वाढलेले असल्यास सहल रद्द करून पैसे परत देतात का. चार-पाच नवशिक्यांमागे एक मार्गदर्शक यापेक्षा कमी प्रमाण मी स्वीकारणार नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये. इशारेही त्यांच्याकडून आधीच समजून घ्यावेत, कारण पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत: वल्हे उभे धरले तर या, आडवे धरले तर थांबा, शिट्टीचे तीन आवाज म्हणजे मदत हवी.

कोलाडला कोकण रेल्वेचे स्थानक आहे आणि पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे रस्त्यानेही जाता येते. पाणी साधारणतः सकाळी सोडले जात असल्यामुळे आदल्या रात्री तेथे मुक्कामाला पोहोचावे, आणि सहलीच्या दिवशी पाणी सुटणार आहे याची आयोजकाकडून फोनवर खात्री करून घेतल्यावरच नागपूरहून गाडीत बसावे.